प्रयुक्त क्रमांक सात

माझ्या बीएच्या प्रोजेक्टला वीस प्रयुक्त होते. त्यातली सातवी आमची अम्मा. जर्नलमध्ये नाव लिहायचं नसतं, म्हणून तिच्या रकान्यात एवढंच आहे: प्रयुक्त क्र. ७, स्त्री, वय ४१, शिक्षण चौथी, व्यवसाय विडी कामगार.

'प्रयुक्त' हा शब्द मानसशास्त्राच्या लॅबबाहेर मी कुठे ऐकला नाही. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयुक्त. शब्दाची फोड केली तर वापरलेला. इंग्रजी पुस्तकात त्यालाच सब्जेक्ट म्हणतात. आणि आमच्या कॉलेजात मधलं पटांगण ओलांडून पलीकडच्या इमारतीत गेलं की राज्यशास्त्राच्या तासाला राजाची प्रजाही सब्जेक्टच. नागरिक कोण आणि प्रजा कोण हे सांगताना सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मी शेजारणीला कोपर मारलं, "बघ गं, हे आपलेच प्रयुक्त." तिचा विषय इतिहास होता, तिने फक्त मान हलवली.

मी २०१२ ते २०१५ सोलापुरात बीए केलं. घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. नाना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर चादरी काढायचे, अम्मा घरात बसून विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर थोडी कानडी. सोलापूरकरांना हे सांगावं लागत नाही, पण पुण्याच्या मैत्रिणींना दर वेळी समजावून सांगावं लागतं की हो, आम्ही महाराष्ट्रातलेच, आणि हो, पिढ्यान् पिढ्या.

हे दोन विषय मी का घेतले याचं सभ्य उत्तर माझ्याकडे नाही. राज्यशास्त्र घेतलं कारण बारावीला त्यात सगळ्यात जास्त मार्क पडले होते. मानसशास्त्र घेतलं कारण त्याला गणित नाही असं मला कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या वर्षी मध्यमान, प्रमाण विचलन आणि टी-टेस्ट समोर येऊन बसले तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. गणिताला घाबरून पळालेल्यांना गाठायला गणित कॅल्क्युलेटर घेऊन मानसशास्त्राच्या दारातच उभं असतं. ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांनी एवढं ऐकून ठेवा.

बाकी प्रश्न नेहमीचेच. मानसशास्त्र म्हटलं की "आमच्या मनातलं ओळख बघू", राज्यशास्त्र म्हटलं की "नगरसेवक होणार काय". नाना काहीच विचारायचे नाहीत. पहिल्या वर्षी फी भरताना फक्त म्हणाले, "दोन्ही शास्त्रंच आहेत ना? मग बरं."

राज्यशास्त्राचा मला आठवणारा पहिला खरा तास वर्गात झालाच नाही. सर आम्हाला चार पुतळ्यांपाशी घेऊन गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं, हे सोलापूरच्या शाळेत पाठच असतं. त्यामुळे आम्ही भाषणाच्या तयारीने उभे होतो. सरांनी भाषण केलं नाही. विचारलं, "८ मे १९३० ला गोळीबार झाला, लोक चिडले, कोर्ट जळालं, पोलीस शहर सोडून गेले. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला १२ मेला. मग ९, १० आणि ११ मेला सोलापुरात राज्यसंस्था होती का?"

आम्ही गप्प. आदल्याच आठवड्यात आम्ही मॅक्स वेबरची व्याख्या पाठ केली होती. एखाद्या भूभागावर बळाच्या अधिमान्य, म्हणजे लोकांनी रास्त मानलेल्या, वापराची मक्तेदारी जिच्याकडे असते ती राज्यसंस्था. त्या तीन दिवसांत ती मक्तेदारी कुणाकडे होती? इंग्रजांकडे तर नव्हतीच. रहदारी मात्र चालू होती, काँग्रेसचे स्वयंसेवक ती सांभाळत होते. म्हणजे बळ नाही, पण लोक ऐकतायत. एक मुलगा म्हणाला, "सर, राज्य नव्हतं पण अधिमान्यता होती." सरांनी त्याला जवळच्या गाड्यावर चहा पाजला. तेव्हापासून तो मुलगा स्वतःला तत्त्वज्ञ समजायला लागला, ते सोडा.

मला वेगळीच खाज सुटली होती. मानसशास्त्राच्या पुस्तकात जमावाचं प्रकरण होतं. गुस्ताव ल बाँ याने १८९५ मध्ये मांडलेलं, की माणूस जमावात शिरला की त्याचा विवेक सुटतो, तो दुसऱ्याच्या भावनेची लागण झाल्यासारखा वागतो. मी दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या मॅडमना विचारलं की मग ९ मेला सोलापूरच्या जमावाने गाड्या शिस्तीत कशा जाऊ दिल्या? मॅडम म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, पण हा सिलॅबसमध्ये नाही. खोटं नाही सांगत, त्यांनी नंतर मला स्टाफरूममध्ये बोलावून दोन इंग्रजी पानं वाचायला दिली होती. पण वर्गात उत्तर तेच. दोन्ही विभागांमध्ये एक पटांगण होतं. ते ओलांडून कुणीच जायचं नाही, आमच्यासारख्या वेळापत्रकाने ढकललेल्या पोरांशिवाय.

तिसऱ्या वर्षाला एकच विषय स्पेशल घ्यायचा होता. मी मानसशास्त्र घेतलं. लोकांना मी सांगते की प्रयोगांमुळे घेतलं. खरं म्हणजे परीक्षा एप्रिलमध्ये असायच्या, सोलापूरचा एप्रिल ज्याने काढलाय त्याला कळेल, आणि मानसशास्त्राच्या लॅबला चांगले पंखे होते. राज्यशास्त्राच्या सरांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तासाला बसायला येशील का?" मी बसायला जायचे. हजेरीत नाव नाही, शेवटचा बाक.

लॅबची गोष्ट खरंच निराळी होती. म्युलर-लायरची पट्टी हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे शास्त्र आहे. दोन रेषा सारख्याच लांबीच्या असतात, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. एक लहान दिसते, एक मोठी. पट्टी सरकवून त्या सारख्या करायच्या आणि किती मिलिमीटर चुकलं ते लिहायचं. मजा अशी की सारख्या आहेत हे कळल्यावरही त्या सारख्या दिसत नाहीत. वीस वेळा करा, पन्नास वेळा करा. डोळा ऐकत नाही.

माझा प्रोजेक्ट आरशातल्या चित्राचा होता. एका कागदावर दुहेरी रेघेची चांदणी. हात पुठ्ठ्याआड, समोर आरसा. आरशात बघत पेन्सिल त्या दोन रेघांच्या मधून फिरवायची, रेघेला शिवलं की चूक. आधी डाव्या हाताने, मग उजव्या हाताने सराव, मग पुन्हा डाव्या हाताने. उजव्याने शिकलेलं डाव्याकडे किती जातं ते बघायचं. लॅबमधलं यंत्र घरी नेता येत नव्हतं, म्हणून मी नानांचा दाढीचा आरसा आणि चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. वीस जण गोळा करताना जीव गेला. मैत्रिणी झाल्या, मामी झाली, समोरचा किराणावाला झाला. सातव्या क्रमांकाला अम्मा.

ती उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन बसली होती. विड्या वळणारी बाई बघितली नसेल तर सांगते. पानं रात्री ओल्या पोत्यात दडपून ठेवलेली असतात, नाहीतर तडकतात. सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने एका मापाची कापायची. मग एकेक पान डाव्या हाताच्या बोटांवर, उजव्या हाताने चिमूटभर तंबाखू, एक वळसा, शेपटाला दोरा, तोंड नखाने मुडपायचं. अम्मा हे सगळं टीव्हीकडे बघत करायची. बोटांकडे नजर जायचीच नाही. पंचवीस झाल्या की जुडी. चाळीस जुड्या म्हणजे हजार. मोजणं तेलुगूत, पुटपुटत, आणि मोजताना कुणी बोललं तर शिवी, तीही तेलुगूत.

"शंभर होऊ दे आधी," म्हणाली. झाले. मग हात पदराला पुसून बसली. "ह्याचे काही मिळतात का?"

"कुणाला?"

"जो करतो त्याला. मला."

मी म्हणाले, काही मिळत नाही. मग तिने हिशेब केला की अर्ध्या तासात किती विड्या बुडतील, आणि तरीही बसली.

डाव्या हाताने पहिल्या फेरीला तिला दोन मिनिटं दहा सेकंद लागली. कोपऱ्यावर सगळेच अडतात, तीही अडली. पेन्सिल पुढे न्यायची म्हटलं की आरशात मागे जाते, हात थरथरतो, माणूस हसायला लागतो. ती हसली नाही. दुसरी फेरी तशीच. तिसऱ्या फेरीला पेन्सिल सरळ निघाली. कोपरा आला, वळली, पुढचा कोपरा, वळली. चाळीस सेकंद. मी घड्याळातून मान वर केली तर बाईसाहेबांनी डोळे मिटलेले.

"अम्मा, आरशात बघायचं असतं!"

"आरशात बघितलं की हात अडतो," ती म्हणाली. "नाही बघितलं की जातो."

रेघ दोन ठिकाणी बाहेर गेली होती, सूचना मोडली होती, फेरी बाद. मी ती खोडली आणि परत करायला लावलं. प्रयोगानंतर प्रयुक्ताला काय वाटलं ते अंतर्निरीक्षण म्हणून लिहायचं असतं. तिथे मी तिचं ते वाक्य मराठी करून लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वीसच्या वीस अंतर्निरीक्षणं चाळली आणि त्यावरच बोट ठेवून विचारलं, "ह्यांनी काय केलं असेल, कळलं का?" मी म्हणाले, सूचनेचं पालन केलं नाही. ते म्हणाले, डोळा एक सांगतो आणि हात दुसरं, दोन्हींचं भांडण आहे म्हणून तर हा प्रयोग अवघड. ह्यांनी एकाला गप्प बसवलं. मला तेव्हा ते नुसतं गमतीशीर वाटलं.

ह्याच वर्षी अपसामान्य मानसशास्त्राच्या, म्हणजे मनोविकारांच्या, पेपरला नैराश्याचं प्रकरण होतं, आणि त्यात सेलिगमन आणि मायर यांचे १९६७ चे कुत्रे. काही कुत्र्यांना असे शॉक दिले की त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. त्यातले बरेचसे ओलांडायचेच नाहीत. पडून राहायचे. ज्यांना आधी शॉक थांबवता येत होते ते मात्र पटकन उडी मारायचे. ह्याला शिकलेली असहायता म्हणतात. आपल्या करण्याने काही होत नाही हे एकदा शिकलं की माणूसही दार उघडं असताना बसून राहतो.

वाचल्या वाचल्या मला अम्मा दिसली. छाटच्या खिडकीपाशी उभी असलेली.

छाट म्हणजे काय ते सांगते. वळलेल्या विड्या घेऊन बायका कारखान्याच्या ब्रँचला जातात. तिथे चेकर जुडी हातात घेतो, दाबून बघतो, दोन-चार सोडवतो, आणि आवडल्या नाहीत त्या बाजूला टाकतो. ती छाट. छाटचे पैसे नाहीत. पान आणि तंबाखू मात्र मोजून दिलेलं असतं, त्याचा हिशेब बाईच्याच डोक्यावर. मी शाळेत असताना अम्माबरोबर जायचे. चेकर विड्या टाकायचा, अम्मा बघत राहायची. एक अक्षर नाही. घरी येऊनही नाही.

मी असाइनमेंट लिहिली. विडी कामगार स्त्रिया आणि शिकलेली असहायता. भाषा अशी झणझणीत की शेंगाची चटणी मागे पडावी. अम्माचं नाव नव्हतं, पण सगळी अम्माच होती: ती बोलत नाही, कारण बोलून काही होत नाही हे ती शिकली आहे, दार उघडं आहे पण तिला दिसत नाही. वीसपैकी अठरा मिळाले. मी ती मोठ्या डौलात राज्यशास्त्राच्या सरांना दाखवली.

त्यांनी उभ्या उभ्या वाचली. मग विचारलं, "ह्या प्रयोगात शॉकचं बटण कुणाकडे होतं?"

"प्रयोगकर्त्याकडे."

"त्याच्याबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस."

मी म्हणाले, सर, तो प्रयोगाचा भाग नाही. हे बोलून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. पुस्तकात कुत्र्याची दीड पानं माहिती होती. कुत्रा कसा विव्हळला, कसा पडला. बटणवाल्याबद्दल काही नाही. (बटण प्रयुक्ताच्याच हातात दिलं तर काय होतं, हेही त्याच पुस्तकात दोन प्रकरणं मागे होतं. मिलग्रॅमच्या १९६३ मध्ये छापलेल्या प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस माणसं दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत 'शॉक' देत गेली. शॉक खोटे होते, पण त्यांना ते माहीत नव्हतं. बटण हातात आलं म्हणजे सुटका झाली असंही नाही.)

दोन दिवसांनी सरांनी काही पानांची झेरॉक्स हातात ठेवली. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा केंद्राचा कायदा, आणि त्याखालचे महाराष्ट्राचे नियम. इंग्रजीत. मी ते डिक्शनरी घेऊन वाचत होते, आणि एका नियमावर थांबले. मालकाने किंवा ठेकेदाराने कामगाराकडून आलेल्या विड्यांपैकी सर्वसाधारणपणे शंभरात पाचाहून जास्त विड्या कमी प्रतीच्या किंवा छाट म्हणून नाकारू नयेत. त्या इंग्रजी वाक्यात 'छाट' हा शब्द होता. रोमन अक्षरांत, जसाच्या तसा. तीन वर्षं मी सार्वभौमत्व, अधिमान्यता, अभ्युपगम, परिवर्त्य असले शब्द घोकत होते. घरातला शब्द छापील पानावर पहिल्यांदा भेटला तो कायद्यात.

शंभरात पाच म्हणजे हजारात पन्नास. मी वही केली. रोज संध्याकाळी अम्माला विचारायचे, आज छाट किती. एका महिन्यात चौदा दिवस पन्नासच्या वर. एकदा तर एकशे दहा.

मग मी एका रविवारी अम्माला समोर बसवून तो नियम वाचून दाखवला. मला वाटत होतं तिचे डोळे विस्फारतील. ती जुडीला दोरा बांधत होती. म्हणाली, "माहिताय."

"काय माहिताय?"

"पाच टक्के. युनियनवाले सांगतात की. तुझ्या आजीला पण माहीत होतं. ती मोर्चाला जायची."

"मग बोलत का नाहीस?"

तिने मला जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात इतक्या कमी शब्दांत वाचलं नाही. एकटीने खिडकीवर बोललं तर दुसऱ्या दिवशी पान खराब मिळतं. भोकांचं, पिवळं. त्यातून हजार निघत नाहीत, उरलेलं पान बाजारातून विकत घ्यावं लागतं. ते छाटपेक्षा महाग पडतं. म्हणून वीस-पंचवीस जास्त गेल्या तर गप्प बसायचं. शंभरच्या वर गेल्या तर त्या दिवशी नाही, दोन दिवसांनी, दुसरी बाई बरोबर घेऊन, हसत हसत विचारायचं. आणि चेकर बदलला की पहिला आठवडा काहीच बोलायचं नाही, त्याचा हात बघायचा.

मी अठरा मार्कांची असहायता लिहिली होती. आणि ही बाई हिशेब करत होती. दार उघडं होतं हे मी कुणाला विचारून लिहिलं?

मानसशास्त्र खोटं होतं असं मी म्हणत नाही. गल्लीत अशा बायका होत्या ज्या खरोखरच पडून राहिल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी ते प्रकरण उपयोगाचं होतं, अजूनही शाळेत माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या काही पोरांसाठी ते मला उपयोगी पडतं. माझी चूक वेगळी होती. मी गप्प बसणं बघितलं आणि त्याचं कारण फक्त तिच्या डोक्यात शोधलं, कारण माझ्या स्पेशलमध्ये तेवढंच शोधायला शिकवत होते. नुसतं राज्यशास्त्र असतं तर उलट झालं असतं. मी नियम वाचला असता, मालकाला शिव्या घातल्या असत्या, आणि चेकरचा हात बघणारी बाई मला दिसलीच नसती. नियमातलं ते 'सर्वसाधारणपणे' आणि अम्माचं 'हसत हसत' ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. एक टोक एका इमारतीत शिकवायचे, दुसरं दुसऱ्या.

एमएला असताना, २०१६ मध्ये, त्याच मायर आणि सेलिगमन यांचा नवा लेख आला. पन्नास वर्षांनी त्यांनी लिहिलं की आम्ही मूळ गोष्ट उलटी धरली होती. सतत मार बसला की निपचित पडणं ही शिकलेली गोष्ट नाही, मेंदूची ती आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. प्राणी शिकतो ते दुसरंच: आपल्या हातात काहीतरी आहे, हे. मी तो लेख लायब्ररीत वाचला आणि त्याच संध्याकाळी अम्माला फोन करून सांगायला लागले. ती म्हणाली, उद्या सांग, आज माल द्यायचाय.

आणि वहीचं काय झालं? ती अम्माने मागून घेतली. तिला मराठी वाचायला जड जातं, पण आकडे येतात. तिने गल्लीतल्या बायकांना सांगितलं, प्रत्येकीने रोजचा आकडा द्यायचा. अकरा बायका झाल्या. नावं नाहीत, नुसते एक ते अकरा क्रमांक, म्हणजे माझ्या जर्नलचीच पद्धत, फक्त ह्यावेळी क्रमांक देणारी तीच. महिनाभराने ती वही युनियनच्या बाई घेऊन गेल्या. त्यानंतर तीनेक महिने छाट चाळीसच्या आसपास राहिली. मग चेकर बदलला आणि पुन्हा वर गेली. वही अजून आहे, तिच्या मागच्या पानांवर नंतरची भिशी लिहिलेली आहे. तो कायदाही आता स्वतंत्र राहिला नाही, २०२० च्या कामगार संहितेत विरघळला.

हे सगळं आता लिहायचं कारण माझी मामेबहीण. तिने गेल्या वर्षी ॲडमिशन घेतली. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय, असतं, तर मेजर मानसशास्त्र आणि मायनर राज्यशास्त्र. स्पेशलसाठी एकाला सोडायची पाळी तिच्यावर येणार नाही. घरचे विचारतात, ह्याचं पुढे काय. मी जे खरं आहे ते सांगते. नुसत्या बीएवर समुपदेशक होता येत नाही, एमए लागतं. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएसपासून सुरुवात, तो रस्ताच वेगळा. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा कोर्स. यूपीएससीला दोन्ही वैकल्पिक विषय म्हणून घेता येतात, पण त्या भरवशावर विषय घेऊ नये. मी स्वतः एका शाळेत समुपदेशक आहे. पगार चादरीच्या दुकानातल्या अनुभवी सेल्समनएवढा आहे, थोडा कमीच.

मामेबहीण माझ्यापेक्षा चौकस आहे. जानेवारीत तिने महापालिकेला पहिल्यांदा मत दिलं. त्याआधी घरी सगळ्यांना विचारत फिरत होती की संविधानाच्या २४३-यू कलमात महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही असं लिहिलंय, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं लिहिलंय, मग आपली मुदत २०२२ ला संपून निवडणुकीला २०२६ कसं उजाडलं? मधली चार वर्षं प्रशासक, आणि कुणाला काही वाटलं नाही? नाना म्हणाले, "पाणी तेव्हाही चार दिवसांनी यायचं, आताही तसंच." ती ते लिहून घेत होती. मला विचारलं, "अक्का, ही शिकलेली असहायता म्हणायची का?" मी म्हणाले, आधी नानांना विचार की त्या चार वर्षांत टँकरसाठी ते कुणाकडे जायचे. नानांकडे तीन नावं होती.

परवा ती प्रॅक्टिकलची तयारी करायला घरी आली होती. तिला काही प्रयुक्त हवेत. आता त्यांना सहभागी म्हणतात, आणि आधी संमतीपत्र भरून घ्यावं लागतं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मी अम्माला नुसतं बसवलं होतं. अम्मा आता पन्नाशी ओलांडून गेली, विड्या अजून वळते, हजार होत नाहीत, सहाशे-सातशे. मामेबहिणीने कागद वाचून दाखवला, अडलं तिथे तेलुगूत सांगितलं. सहभाग ऐच्छिक आहे, माहिती गुप्त राहील, सहभागी व्यक्ती कुठल्याही क्षणी, कारण न देता, माघार घेऊ शकते.

अम्माने हात थांबवला. "मधेच उठले तर केलेलं तेवढं छाट धरणार का?"

मामेबहीण माझ्याकडे बघायला लागली. कागदावर त्याबद्दल काही नव्हतं. तिने मॅडमना फोन लावला, मॅडम म्हणाल्या, उठेपर्यंतचं वापरायचं की नाही हेही त्यांनाच विचारायचं. तिने पेनाने कागदाखाली ती ओळ लिहिली. अम्माने ती दोनदा वाचून घेतली, मग तेलुगूत सही केली, आणि म्हणाली, शंभर होऊ दे आधी.